एका अल्पजीवी वाद्यवृंदाची कीर्ति

अल्पायुषी कलावंताविषयीं आपल्या मनांत एक हळवा कोपरा असतो, आणि टीकाकाराच्या हातून घडणाऱ्या कितीतरी चुका त्या कोपऱ्यांतच जन्मास येतात. बालकवि १९१८ सालीं भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून वारले, तेव्हां त्यांच्या वयास अठ्ठावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. तेव्हांपासून त्यांची 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता वर्गांत शिकवितांना तींत मरणाची सांवली शोधण्याचा मोह किती शिक्षकांस आवरतां आला असेल? आम्हांस तरी बरींच वर्षें आवरतां आला नाहीं. कवितेनंतर आलेला मृत्यु आपण कवितेच्या आधीं वाचतों, आणि मग सारी कविता म्हणजे त्या मृत्यूची आगाऊ वर्दी होऊन बसते. ही खोड केवळ मराठी वाचकाची नाहीं. तिचें फार ठळक असें एक उदाहरण परक्या देशांत, आणि आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं ज्याकडे कधीं लक्ष दिलें नसेल अशा संगीतांत, आम्हांस आढळलें. त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

रॉक संगीताचें नांव काढतांच कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, याची आम्हांस कल्पना आहे. विजेच्या गिटारींचा कल्लोळ, अंगविक्षेप आणि तरुण पोरांची आरडाओरड एवढ्यावरच त्या संगीताची ओळख पुष्कळ घरांत थांबते. आमचीहि ती फारशी पुढें गेली नव्हती. परंतु जी कला लाखों तरुणांस अर्धशतक धरून ठेवते, ती आपल्या अभिरुचीच्या उंबऱ्याबाहेर आहे एवढ्यावरून टाकाऊ ठरविणें हा टीकाकाराचा धर्म नव्हे. ज्या वाद्यवृंदाविषयीं आम्ही लिहीत आहों त्याचें नांव 'जॉय डिव्हिजन'. मे १९७७ मध्यें तो प्रथम लोकांपुढें उभा राहिला आणि मे १९८० मध्यें संपला. अवघीं तीन वर्षें ! त्याच्या पुऱ्या लांबीच्या ध्वनिमुद्रिका दोनच, आणि त्या दोन्ही सलग ऐकावयास दीड तासहि लागत नाहीं. एवढ्याशा भांडवलावर एवढी कीर्ति कशी उभी राहिली, आणि ती रास्त आहे कीं एका दुर्दैवी मरणाच्या व्याजावर वाढलेली आहे, हा आमचा प्रश्न आहे.

या संगीताचें गांव मँचेस्टर. तें नांव मराठी माणसास परकें नाहीं. १९०५ सालीं पुण्यांत परदेशी कापडाची होळी झाली, तेव्हां लोकांच्या डोळ्यांपुढें मुख्यतः याच शहराच्या आसपास विणलेलें कापड होतें. आणि १८९६ सालीं हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसला तो लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या दडपणानें. मुक्त व्यापार हें त्या शहराचें ब्रीद होतें, आणि त्या ब्रीदाच्या नांवानें बांधलेलें 'फ्री ट्रेड हॉल' हें सभागृह तेथें दिमाखानें उभें होतें. पण १९७६ सालापर्यंत काळानें त्या शहरावरहि आपला सूड उगवला होता. गिरण्या बंद पडलेल्या, धुराडीं थंड झालेलीं, कामगारांच्या जुन्या चाळीवजा घरांच्या रांगा पाडून तेथें सिमेंटच्या उंच इमारती उभ्या केलेल्या. १९८२ च्या संपानंतरचें मुंबईचें गिरणगांव ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस या शहराचें वेगळें वर्णन करून सांगावयास नको.

त्या फ्री ट्रेड हॉलच्या माडीवरील लहान दालनांत ४ जून १९७६ रोजीं लंडनच्या 'सेक्स पिस्टल्स' या उद्दाम मंडळीचा कार्यक्रम झाला. श्रोते थोडकेच होते. त्यांत सॅलफर्डचे दोन शाळासोबती होते, बर्नर्ड सम्नर आणि पीटर हूक. व्यासपीठावरील मंडळीस वाजवितां येत नाहीं, आणि तरीहि तीं बेधडक वाजवीत आहेत, हें पाहून आपणहि हें करूं शकूं असें त्यांस वाटलें. दुसऱ्याच दिवशीं हूकनें आईकडून उसने पैसे घेऊन बेस गिटार आणली. पुढें मॅकल्सफील्ड या रेशमाच्या जुन्या गांवचे दोघे त्यांस मिळाले : गाणारा आणि गीतें रचणारा इयन कर्टिस, व १९७७ च्या उन्हाळ्यांत तालवाद्य वाजविणारा स्टीफन मॉरिस. आरंभीं त्यांनीं 'वॉर्सा' हें नांव घेतलें होतें. तशाच नांवाचा दुसरा एक वृंद लंडनांत निघाल्यामुळें १९७८ च्या आरंभीं त्यांनीं तें बदललें.

जें नवें नांव घेतलें त्याविषयीं आम्हांस स्पष्ट बोललें पाहिजे. नाझी छळछावण्यांतील बंदी स्त्रियांस ज्या विभागांत सैनिकांच्या उपभोगासाठीं कोंडलें जाई, त्यास एका कादंबरीनें दिलेलें हें नांव आहे. त्यांच्या पहिल्या लहान तबकडीच्या वेष्टणावर हिटलरच्या बालसेनेंतील ढोल वाजविणाऱ्या मुलाचें चित्र होतें. ही मंडळी नाझी मताचीं होतीं असें म्हणणें अन्यायाचें होईल ; महायुद्धाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पोरांनीं वडीलधाऱ्यांस डिवचण्यासाठीं केलेला तो उपद्व्याप होता. तरी पण दुसऱ्याच्या यातनेचा आपल्या नांवलौकिकासाठीं असा उपयोग करणें ही रुचीची नव्हे, विवेकाची चूक आहे. चाहते या गोष्टीवर पांघरूण घालतात. पुढील कृतींच्या गुणांमुळें ही चूक पुसली जात नाहीं, आणि या चुकीमुळें ते गुणहि नाहींसे होत नाहींत. दोन्ही गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवूनच पुढें गेलें पाहिजे.

आतां त्या गुणांकडे वळूं. 'अननोन प्लेझर्स' ही पहिली मोठी ध्वनिमुद्रिका एप्रिल १९७९ मध्यें स्टॉकपोर्ट येथील स्ट्रॉबेरी स्टुडिओंत मुद्रित झाली आणि १५ जून १९७९ रोजीं फॅक्टरी या मँचेस्टरच्याच छोट्या कंपनीनें ती प्रसिद्ध केली. तींत दहा गाणीं आहेत. ती ऐकतांना पहिली गोष्ट ध्यानांत येते ती ही कीं येथें वाद्यांनीं आपापल्या जागा बदलल्या आहेत. रॉक संगीतांत बेस ही जमिनीसारखी खालीं राहते आणि गिटार वर मिरवते. येथें हूकची बेस वरच्या स्वरांत चढून गाण्याची मुख्य चाल सांगते, आणि सम्नरची गिटार मधून मधून एखादी रेघ ओढून बाजूस होते. याचें मूळ अगदीं साधें आहे. तालमींत गिटारच्या गलक्यांत हूकला स्वतःचें वाद्य ऐकूं येईना. वरच्या स्वरांत वाजविलें म्हणजे ऐकूं येई. गैरसोईंतून रीत निघाली, आणि रीतींतून शैली. मॉरिसचा ताल यंत्रासारखा अचूक, पण यंत्राहून अस्वस्थ. या तिघांच्या मध्यें कर्टिसचा खर्जांतला, वयाला न शोभणारा प्रौढ आवाज उभा राहतो.

परंतु या चौघांइतकेंच श्रेय पांचव्या माणसास आहे, आणि दंतकथेंत नेमका त्याचाच विसर पडतो. ध्वनिमुद्रणाचा सूत्रधार मार्टिन हॅनेट यानें तालवाद्याचा एकेक भाग निरनिराळा वाजवून घेतला, आवाजास मागाहून प्रतिध्वनि देणारीं त्या वेळचीं नवीं यंत्रें वापरलीं, स्टुडिओंतील पाळण्याची घरघर आणि कांच फुटल्याचा खळ्ळ असा आवाजहि मुद्रिकेंत घेतला. परिणाम असा कीं प्रत्येक वाद्याभोंवतीं मोकळी, थंड जागा निर्माण झाली. एखाद्या ओस पडलेल्या गिरणींत दूर कोठें तरी कोणी हातोडा मारावा तसें तें ऐकूं येतें. गंमत ही कीं सम्नर व हूक या दोघांस हें मुळींच रुचलें नाहीं. आपल्या दणदणीत संगीताची यानें हवाच काढून घेतली, अशी त्यांची तक्रार होती. कलावंतास आपल्या कृतीचें मर्म सर्वांत आधीं कळतें असें नाहीं, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

मुद्रिकेचें वेष्टणहि येथें दुर्लक्षून चालणार नाहीं. काळ्या भूमीवर पांढऱ्या रेघांच्या डोंगररांगा एकीखालीं एक, आणि दर्शनी बाजूस ना वृंदाचें नांव ना मुद्रिकेचें. १९६७ सालीं केंब्रिज येथें जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीस प्रथम आढळलेल्या स्पंदनशील ताऱ्याच्या रेडिओ-लहरींचा तो आलेख आहे. खगोलशास्त्राच्या एका कोशांतून सम्नरनें तो निवडला आणि पीटर सॅव्हिल या चित्रकारानें त्याचे काळे-पांढरे उलट केले. आज हें चित्र जगभर तरुणांच्या सदऱ्यांवर दिसतें, आणि तो सदरा घालणाऱ्या अनेकांनीं आंतील एकहि गाणें ऐकलेलें नसतें. दंतकथा कृतीहून लांब चालूं लागते ती अशी.

कर्टिसच्या शब्दांविषयीं साहित्याच्या प्राध्यापकास बोललेंच पाहिजे. कागदावर तीं गीतें वाचलीं तर त्यांत दोष पुष्कळ दिसतात. भाववाचक नामांची गर्दी होते, प्रतिमा अर्ध्यावर सोडली जाते, आणि तेविसाव्या वर्षाच्या आंतील कवीस जें गांभीर्याचें वेड असतें तेंहि आहे. पण गीत कागदासाठीं लिहिलेलें नसतें. आवाज आणि ताल मिळतांच त्याच अपुऱ्या ओळींस वजन येतें. 'शीज लॉस्ट कंट्रोल' हें त्यांपैकीं सर्वांत भक्कम गाणें. कर्टिस मॅकल्सफील्डच्या सरकारी रोजगार-कचेरींत नोकरी करी. अपंग व आजारी माणसांस काम मिळवून देण्याचें काम त्याच्याकडे होतें. तेथें येणाऱ्या, अपस्माराचे झटके येणाऱ्या एका तरुणीवरून हें गाणें सुचलें. ती पुढें वारली. म्हणजे हें आत्मनिवेदन नव्हे. दुसऱ्याच्या दुःखाकडे टेबलापलीकडून पाहणाऱ्या कारकुनाचें तें गाणें आहे, आणि त्यांतील करुणा संयमित आहे ती त्यामुळेंच.

मात्र येथें नियतीनें एक क्रूर वळण घेतलें. डिसेंबर १९७८ च्या अखेरीस लंडनहून परततांना कर्टिसला स्वतःलाच पहिला मोठा झटका आला, आणि १९७९ च्या जानेवारींत त्यास अपस्मार असल्याचें निदान झालें. रात्रीचीं जागरणें, प्रवास, रंगमंचावरील डोळे दिपविणारे दिवे हें सर्व त्या रोगास अपायकारक, आणि त्याचा व्यवसाय तर तोच. एप्रिल १९७९ मध्यें त्यास मुलगी झाली. घरांत तरुण पत्नी, आणि पुढें संसाराबाहेर जडलेलें मन. औषधांनीं त्याची वृत्ति आणखी खालावली असें त्याच्या जवळच्यांनीं लिहिलें आहे.

अशा स्थितींत मार्च १९८० मध्यें लंडनच्या ब्रिटानिया रो स्टुडिओंत 'क्लोजर' ही दुसरी मुद्रिका तयार झाली. आमच्या मतें याच वृंदाचीच नव्हे, तर त्या काळच्या साऱ्या रॉक संगीताची ही एक श्रेष्ठ कृति आहे. तींत नऊ गाणीं आहेत. पहिल्याच गाण्यांत सम्नर आणि हूक यांनीं आपापलीं वाद्यें अदलाबदल केलीं आहेत, म्हणून त्याची ठेवण मुद्दाम अवघडलेली वाटते. दुसऱ्या बाजूवरील चार गाणीं क्रमाक्रमानें मंद होत जातात, गिटारी मागें सरतात, विजेवर चालणारीं पेटीसारखीं वाद्यें पुढें येतात, आणि अखेरच्या 'डिकेड्स' या गाण्याशीं पोंचेपर्यंत आपण एखाद्या लांब मिरवणुकीच्या शेवटीं उभे आहों असें वाटतें. येथें एकहि स्वर सैल नाहीं. हें ज्यांनीं केलें ते ढासळत चाललेले लोक नव्हते. तीं चार माणसें आणि त्यांचा सूत्रधार आपल्या कामावर पूर्ण ताबा ठेवून होतीं.

१८ मे १९८० रोजीं, अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यास निघण्याच्या आदल्या दिवशीं, इयन कर्टिसनें मॅकल्सफील्ड येथील आपल्या घरीं स्वतःचें आयुष्य संपविलें. तो तेवीस वर्षांचा होता. बरोबर दोन महिन्यांनीं, १८ जुलै रोजीं, 'क्लोजर' प्रसिद्ध झाली. तिच्या वेष्टणावर जिनोआ येथील स्टालियेनो दफनभूमींतील एका समाधीचें छायाचित्र होतें. पाहणारे हबकले. मरणाचा हा बाजार मांडला आहे असें कोणी म्हणाले. कर्टिसनें आपला शेवट आधींच योजला होता याची ही खूण, असें दुसरे म्हणाले. दोघांचाहि तर्क खोटा होता. तें चित्र त्याच्या मरणापूर्वींच निवडलें गेलें होतें, आणि निवडणाऱ्या मंडळीस पुढचें कांहींच ठाऊक नव्हतें. समाधीचें एक सुंदर शिल्प, एवढाच त्यांच्या दृष्टीनें त्याचा अर्थ. मृत्यूनंतर मात्र तो अर्थ कोणास मिळेनासा झाला. वेष्टणाचें जें झालें तेंच सगळ्या गाण्यांचें झालें.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. त्या मरणामुळें 'जॉय डिव्हिजन'च्या कृतींस जी खोली आली असें लोक समजतात, ती त्यांत आधींच होती, आणि ती श्रमानें आली होती : तालमींतील गैरसोईंतून, हॅनेटच्या हट्टांतून, मॉरिसच्या मनगटांतून, आणि परक्याच्या दुःखाकडे पाहण्याच्या कर्टिसच्या संवयीतून. मरण हें प्रतिभेचें प्रमाणपत्र नव्हे. त्यास तसें मानलें कीं दोन अन्याय होतात. बाकीच्या चौघांचें काम एका माणसाच्या शोकांतिकेची पार्श्वभूमि बनतें. आणि जो मेला त्याचेंहि कौशल्य हिरावलें जाऊन तो नुसता रोगी उरतो. शिवाय या दंतकथेंत त्याच्या पत्नीस व वर्षाच्या मुलीस जागाच नसते. डेबोरा कर्टिस यांनीं १९९५ सालीं आपलें पुस्तक लिहून ती जागा स्वतः मिळविली. तें वाचल्यावर अकालीं मरणांत कांहीं काव्य आहे असें म्हणण्यास जीभ रेटणार नाहीं.

येथवर लिहून थांबतां आलें असतें, तर टीकाकाराचें काम फार सोपें झालें असतें. कृति वेगळी, कर्त्याचें आयुष्य वेगळें, असें सूत्र सांगून हात झटकले म्हणजे झालें. परंतु या हकीगतींत त्या सूत्रासहि उत्तर आहे. कर्टिसच्या सोबत्यांनीं पुढें अनेकदां कबूल केलें आहे कीं त्या वेळीं आपण त्याच्या शब्दांकडे फारसें लक्ष दिलेंच नाहीं. तीं गाण्याचीं वाक्यें होतीं. कोणा दुसऱ्याविषयीं असतील, असें त्यांनीं धरलें. १९८० च्या एप्रिलांत त्यानें जीव देण्याचा एक प्रयत्न केला, आणि त्यानंतर एकदोन दिवसांतच बरी या गांवीं त्यास पुन्हां रंगमंचावर आणलें गेलें ; तेथें तो दोनच गाणीं म्हणूं शकला आणि सभागृहांत दंगल माजली. तीं पोरें निर्दय नव्हतीं. सारेच विशीतले, सारेच आपल्या पहिल्या यशाच्या धुंदींत. त्यांनीं गीतास गीत मानलें, म्हणजे जें आम्ही प्राध्यापक मंडळी वर्गांत शिकवितों तेंच केलें.

येथें आमचीहि एक गोष्ट सांगणें भाग आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीं एक विद्यार्थी आपली कवितांची वही आमच्याकडे ठेवून गेला. सर्व कविता अंधाराच्या आणि न परतण्याच्या. आम्हीं तांबड्या शाईनें वृत्ताचे दोष दाखविले, दोन उपमांखालीं 'उत्तम' असा शेरा लिहिला, आणि वही परत केली. पुढच्या सत्रांत तो महाविद्यालयांत दिसेना. बऱ्याच वर्षांनीं तो भेटावयास आला. बरा झाला होता, संसारांत होता. चहा घेतां घेतां तो म्हणाला, "सर, तुम्हीं वृत्त बरोबर तपासलें होतं. पण तुम्ही विचाराल, म्हणून मी आठ दिवस वाट पाहिली." त्यानें हें रागानें म्हटलें नाहीं, म्हणूनच तें आम्हांस अधिक लागलें. जातांना त्यानेंच आम्हांस 'क्लोजर' ऐकावयास सांगितली.

तेव्हां आमच्या दृष्टीनें दोन कामें वेगळीं आहेत आणि दोन्ही करावयाचीं आहेत. कृति समोर आली म्हणजे तिला कृति म्हणूनच तपासावें. तिच्यांतून कर्त्याचा मृत्यु मागाहून खोदून काढूं नये. पण कर्ता जिवंत समोर बसला असेल, तर तांबडी शाई बाजूस ठेवून त्यास आधीं एक साधा प्रश्न विचारावा. मेल्यावर प्रत्येक ओळींत संकेत शोधणारे आपण, जिवंतपणीं एकहि ओळ ऐकत नाहीं. या वृंदाच्या दंतकथेंतील खरें दुःख हें आहे, आणि तें दंतकथेनें झांकून टाकलें आहे.

मागें राहिलेल्या तिघांविषयीं शेवटीं दोन शब्द. चौघांपैकीं एकजण गेला तर नांव टाकून द्यावयाचें, असें त्यांचें आधींच ठरलें होतें, आणि त्यांनीं तो शब्द पाळला. नांव विकलें असतें तर तें त्या वेळीं खूपच खपलें असतें. 'लव्ह विल टेअर अस अपार्ट' हें त्यांचें गाणें त्याच उन्हाळ्यांत इंग्लंडच्या खपाच्या यादींत तेराव्या क्रमांकापर्यंत गेलें होतें. तरीहि त्यांनीं 'न्यू ऑर्डर' या नांवानें नवा संसार मांडला. (या नांवावरहि पुन्हां तोच जुना आक्षेप आला, आणि तो गैर होता असें आम्हांस म्हणवत नाहीं.) कर्टिसबरोबर रचलेलें 'सेरेमनी' हें गाणें त्यांनीं जानेवारी १९८१ मध्यें आपली पहिली तबकडी म्हणून प्रसिद्ध केलें. गिलियन गिल्बर्ट ही चौथी सहकारी त्यांस मिळाली, आणि १९८३ सालीं 'ब्ल्यू मंडे' या गाण्यानें त्याच शहराच्या तरुणांस नाचावयास लावलें. सम्नर भीत भीत गाऊं लागला ; त्याचा आवाज कर्टिसच्या आवाजाच्या पासंगासहि पुरत नाहीं. पण त्या कच्च्या आवाजांत मागें उरलेल्याचा संकोच आहे, आणि तो आम्हांस फार मोलाचा वाटतो.

'जॉय डिव्हिजन'चें आयुष्य थोडें होतें हा त्याचा गुण नव्हे, ती आपली सर्वांची हानि आहे. तिसरी मुद्रिका झाली असती, तींत कदाचित् चुका असत्या, चौथी कंटाळवाणी निघाली असती, आणि साठीच्या घरांतला, टक्कल पडलेला इयन कर्टिस आज नातवंडांस घेऊन मॅकल्सफील्डच्या रस्त्यांतून हिंडला असता. त्याच्या गाण्यांवर आमचा इतका लोभ जडल्यानंतरहि, त्या गाण्यांच्या सगळ्या कीर्तीच्या बदल्यांत आम्हीं तें चित्र आनंदानें पत्करलें असतें.